पाव मैलाची खाज: तुमचे अनुभव येऊ द्या

व्हीटेकवाला: काल गणपतीचं मखर शोधायला माळ्यावर चढलो आणि जुन्या फायलीतून एक चिठ्ठी पडली. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ पाव मैल पळायच्या शर्यतीची. 402 मीटर, 17.4 सेकंद. शाई इतकी उडालीय की बायकोला पेट्रोल पंपाची पावती वाटली. गाडी होती सेकंडहँड होंडा सिटी व्हीटेक, मॉडेल 2002. शेजारच्या लेनवाल्याची वेळ 17.6, आणि हरलो मी! घड्याळ गाडी सुरुवातीच्या रेषेवरच्या किरणातून हलली की सुरू होतं, हिरवा दिवा लागल्यावर नाही. मी दिवा बघत राहिलो, तो निघून गेला. त्या महिन्यात घराचा हप्ता आणि क्लच प्लेट एकदम आले होते. मग वडापाववर दिवस काढले.
आता जर्मन गाड्या येतात, लाँच कंट्रोल लावलं की गाडी आपोआप जोरात सुटते, हाताला काम नाही. माझ्या मते पैशाने खेळ खाल्ला. तुम्हाला काय वाटतं?

लालबागची_चिऊ: दादाची आरएक्स 100 बाइक! टू-टी ऑइलचा वास आला की अजून शाळेची रिक्षा चुकल्यासारखं वाटतं, का ते विचारू नका. आई चावी तूरडाळीच्या डब्यात लपवायची. एकदा डाळीबरोबर कुकरलाच लागली. थांबा, शिट्टी झाली, आलेच.

मिस्त्री_कुर्ला: पैशाला शिव्या देऊ नका राव. धावपट्टीचं भाडं, रुग्णवाहिका, टायमिंगची यंत्रं, हे काय तुमच्या वडापावातून येणार? पैसेवाला आला म्हणून तुमची 17.4 मोजली गेली. खरी गोची वेगळी आहे, सगळ्यांना एकाच हिरव्यावर सोडतात. अमेरिकेत हौशी लोक ब्रॅकेट खेळतात. आपली वेळ आधी लिहून द्यायची, हळू गाडीला तेवढा आधी हिरवा. सांगितल्यापेक्षा जोरात पळालात तर बाद. मग मारुती 800 पोर्शेला पाणी पाजू शकते. ड्रायव्हर पक्का हवा, बँक बॅलन्स नाही.

व्हीटेकवाला: हे पटलं. तेव्हा असतं तर मीही जिंकलो असतो.

मिस्त्री_कुर्ला: तुम्ही दिवा बघत बसणारे, ब्रॅकेटमध्येही झोपलाच असता 😄

घाटावरचा: आमच्याकडे बैलगाडा हीच ड्रॅग रेस. सरळ घाट, सेकंदांत निकाल, दिव्याऐवजी "भिर्रर्र". 2014ला कोर्टाने बंद केली, 2021च्या डिसेंबरात परत सुरू झाली. इंजिनासारखं सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे रिमॅप करून, बैलाची ताकद वाढवता येत नाही म्हणून खूष होतो, तर बक्षिसाला जेसीबी लागायला लागला. पैसा कुठे नाही?

लालबागची_चिऊ: आले. चावी नाही, आज नुसती डाळच आहे. जेसीबी जिंकून लोक करतात काय?

घाटावरचा: भाड्याने देतात.

रात्रपाळी: गंमत चालू द्या, मला एकच सांगायचंय. वांद्रे रेक्लमेशनच्या रस्त्यावर शनिवारी रात्री शर्यत लावायला जायचो आम्ही. 2009पासून माझ्या मित्राच्या पायात सळई आहे, पावसाळ्यात दुखते. तिथे फी नव्हती, घड्याळ नव्हतं, रुग्णवाहिकाही नव्हती. टॉप फ्युएलवाल्यांनीसुद्धा (सगळ्यात वेगवान ड्रॅग गाड्या) 2008 साली अमेरिकन रेसर स्कॉट कॅलिटा अपघातात गेल्यावर पाव मैलाचे, म्हणजे 1320 फुटांचे, 1000 केले, आणि ते तर व्यावसायिक. महाग असली तरी धावपट्टीच बरी.

मिस्त्री_कुर्ला: मित्राला नमस्कार सांगा दादा. माझ्या गॅरेजात तेव्हाच्या दोन बाइक अजून पडून आहेत. मालक न्यायला आले नाहीत.

भाचा_इव्हीवाला: मामालोक, इलेक्ट्रिक टेस्ला प्लेड पाव मैल साडेनऊ सेकंदांच्या आत जाते. गिअर नाही, क्लच नाही, हप्त्याचा विषय संपला.

लालबागची_चिऊ: गाडीचा हप्ता कोण भरणार रे? आणि आवाज मिक्सरचा.

घाटावरचा: मिक्सरसुद्धा जास्त ओरडतो.

नवीन_पाहुणा: विषयांतर करतो. 2002च्या सिटीची डावी हेडलाइट कुठे मिळेल? सीएसटी रोडच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे जोडीच घ्या म्हणतात.

मिस्त्री_कुर्ला: जोडीच घ्या. एक पिवळी, एक पांढरी दिसेल नाहीतर.

लालबागची_चिऊ: व्हीटेकवाले, मखर सापडलं का?

व्हीटेकवाला: नाही हो. पण दुसरी चिठ्ठी सापडली. 17.9.