पाटीवर '१/९९१' लिहिलं की गाडी सोनं होते का?

चक्रधर:
परवा एका मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. त्याच्या मते लिमिटेड एडिशन स्पोर्ट्स कार म्हणजे चार चाकांची मुदत ठेव. मी म्हटलं, ठेवीच्या पावतीला बँक निदान बांधलेली तरी असते. इथे कंपनी कशाला बांधलेली आहे?

जर्मन पोर्शेची ९११ आर घ्या. २०१६ च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये आली. गाड्या फक्त ९९१, कारण त्या पिढीचा कंपनीतला अंतर्गत क्रमांकच ९९१. प्रत्येकीत कितवी ते लिहिलेली पाटी. चार लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, ५०० हॉर्सपॉवर, आणि मुख्य म्हणजे हाताने टाकायचे सहा गिअर. ९११ च्याच शर्यतीच्या वळणाच्या जीटी३ मध्ये त्या वेळी ते मिळत नव्हते. अमेरिकेत किंमत साधारण १,८५,००० डॉलर. बघता बघता त्याच गाडीला लोक दुप्पट-तिप्पट मागू लागले.

मार्च २०१७, तेच जिनिव्हा. पोर्शेने नवी जीटी३ आणली, मॅन्युअल गिअरबॉक्ससकट! सप्टेंबरात जीटी३ टूरिंग आली, तिचा मागचा मोठा विंगही काढलेला. आरचा भाव धाडकन खाली.

कंपनीने शब्द मोडला का? अजिबात नाही. ९९२ वी आर बनलीच नाही. आरमधला जीव तेवढा काढून दुसऱ्या नावाने दुकानात मांडला. मग त्या पाटीचे पैसे कशाचे मोजायचे?

हिशोबनीस:
चक्रधरराव, सोयीचं तेवढंच सांगितलंत. आर आजही मूळ किमतीच्या बऱ्यापैकी वर विकली जाते. शोरूमच्या भावाने घेतली त्याचं काहीच गेलं नाही. हात पोळले ते तिप्पट देऊन घेणाऱ्याचे. तो तोटा गाडीचा नाही, घाईचा.

आणि मोठं उदाहरण घ्या की. मॅक्लारेन एफ१, नव्वदच्या दशकातली ब्रिटिश गाडी. रेसिंगच्या धरून एकूण १०६, त्यांतल्या रस्त्यावरच्या ६४. तेव्हाची किंमत ५,४०,००० पौंड. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात एक २ कोटी डॉलरच्या वर गेली, आणि मीटरवर चारशे किलोमीटरसुद्धा नव्हते. दाखवा अशी मुदत ठेव.

चक्रधर:
@हिशोबनीस, तुम्ही तर माझाच वकील झालात! एफ१ लिमिटेड एडिशन नव्हतीच. ३०० बनवायचा बेत होता, गिऱ्हाईक मिळेना म्हणून १०६ वर थांबले. फेरारी २५० जीटीओचं तेच. शर्यतीच्या नियमाला १०० हव्या होत्या, बनल्या छत्तीसेक. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एक पाच कोटी डॉलरच्या वर विकली गेली. ज्या मुद्दाम दुर्मीळ केल्या नाहीत त्या सोन्याच्या झाल्या.

कोव्हेंट्रीकर:
इकडे इंग्लंडात जॅग्वारच्या गावात राहतो, म्हणून त्यांच्या एक्सजे२२० ची आठवण करून देतो. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या शोमध्ये दाखवली तेव्हा बारा सिलिंडरचं व्ही१२ इंजिन, चारही चाकांना जोर. लोकांनी ५०,००० पौंड बयाणा दिला. १९९२ मध्ये गाडी आली ती सहाच सिलिंडरची व्ही६ टर्बो, जोर फक्त मागच्या चाकांना, आणि किंमत महागाईशी जोडलेली असल्यामुळे २,९०,००० वरून पार ४,७०,००० च्या घरात. त्यात मंदी. बयाणावाले सुटका मागत कोर्टात गेले. ३५० ठरल्या होत्या, २८० च्या आसपास बनून काम थांबलं, आणि पुढे कित्येक वर्षं ही गाडी निम्म्याहून कमी भावात पडून होती.

पुण्यात प्री-लाँच बुकिंग केलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजवायला नको. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल, ताब्यात हौद.

क्लचप्लेट:
गंमत बघा. तेव्हा व्ही६ म्हणून नाकं मुरडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये फेरारीने एफ८० दाखवली, तीही व्ही६ हायब्रिड, ३६ लाख युरो, ७९९ नग, आणि सगळ्या आधीच वाटून झालेल्या. हा आकडा तरी बघा हो, फेरारीच्याच आधीच्या गाड्यांचा: एफ५० च्या ३४९, एन्झोच्या ४००, लाफेरारीच्या ५००, आता ७९९. 'मर्यादित' शब्दाचा घेर वाढतोय, माझ्यासारखाच.

हिशोबनीस:
घेर वाढला कारण जगात पैसेवाले वाढले, त्यात पाप काय?

आणि कुणी हे विचारत नाही की कंपनी सरळ जास्त किंमत का लावत नाही. बाहेर दुप्पट मिळतात हे तिला माहीत नसतं का? मुद्दाम कमी लावते. वरचा फरक हा जुन्या गिऱ्हाइकाचा लाभांश. आधी साध्या चार गाड्या घ्या, मग पाचवीला तुमचं नाव यादीत. रांग हाच खरा माल आहे. फोर्डने २०१७ च्या आपल्या जीटी या गाडीला तर अर्ज मागवले आणि दोन वर्षं विकणार नाही असं लिहून घेतलं. कुस्तीवाल्या जॉन सीनाने काही आठवड्यांतच विकली, तर त्याच्यावर दावा ठोकला. पुढच्या वर्षी आपसांत मिटलं. आता सांगा, ज्याची किंमत खोटी आहे त्यासाठी कोणी कोर्टात जाईल?

चक्रधर:
जाईल की! रांग मोडली तर पुढच्या गाडीला रांग कशी लागणार?

साधी_मारुती:
तुमचं चालू द्या. आपल्याकडे हा धंदा जमायचाच नाही. बाहेरून अख्खी गाडी आणली की १०० टक्क्यांच्या वर सीमाशुल्क, त्यावर जीएसटी, मग आरटीओ. जो पैसा सरकारजमा झाला तो लिलावात कोण परत देणार? जुनी आणावी तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, नाहीतर थेट व्हिंटेज.

पण एक आठवतं. तेंडुलकरने २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, म्हणून फियाटतर्फे फेरारीचा शर्यतपटू शूमाकर याच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना मिळाली. शुल्कमाफी सव्वा कोटीच्या आत-बाहेर, तेवढ्यावरून काय गदारोळ! शेवटी शुल्क कंपनीने भरलं. २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या व्यापाऱ्याने घेतली. मोडेना हजारोंनी बनली, क्रमांकाची पाटी वगैरे काही नाही. पण ती एक म्हणजे एकच. तिला फॅक्टरीने नाही, शतकांनी दुर्मीळ केलं.

क्लचप्लेट:
साधी_मारुती, हा प्रतिसाद शंभर नंबरी. पण चालवायचं काय? कुणीच चालवण्याबद्दल बोलेना. बिनटर्बोचं इंजिन नऊ हजार आरपीएमला काय गातं ते कव्हरखाली कसं कळणार?

कोव्हेंट्रीकर:
@क्लचप्लेट, कव्हरखालचंच सांगतो. अशा गाड्या सांभाळणाऱ्या एका शेडमध्ये मी वर्षभर शनिवारी मदतीला जायचो. आत हवा कोरडी ठेवलेली, प्रत्येक गाडीला मऊ कापडाची खोळ, बॉनेटखालून आलेली चार्जरची वायर. एका गाडीच्या मीटरवर ६१२ मैल. टायर आरशासारखे. बाजूला चार आकडे कोरलेले, १४०७. म्हणजे २००७ चा चौदावा आठवडा. नख रुतेना, रबराचा दगड झालेला. आतल्या बटणांवरचा मऊ थर वितळून बोटांना गुळाच्या पाकासारखा चिकटायचा. न वापरता गाडी मरते, फक्त हळू मरते.

हिशोबनीस, तुमच्या वजाबाकीत हे धरा. फेरारी एफ४० च्या पेट्रोलच्या रबरी टाक्या ठरावीक वर्षांनी बदलाव्याच लागतात, गाडी हलली असो वा नसो. विमा, शेडचं भाडं वेगळं. एक खरं, की इथे मोटारीच्या नफ्यावर भांडवली कर नाही. सरकारच्या लेखी ती झिजून संपणारी वस्तू आहे.

हिशोबनीस:
धरलं. तरी एफ१ वाल्याचं गणित तुमच्या टाक्यांनी बिघडत नाही. बाकी एक्सजे२२० वर मी गप्प.

चक्रधर:
गप्प बसलात, नोंद घेतली. :) कोव्हेंट्रीकर, त्या ६१२ मैलवाल्याचं पुढे काय झालं?

कोव्हेंट्रीकर:
मालक वर्षातून दोनदा यायचा. खोळ काढायची, गाडी ढकलत दाराशी आणायची, दहा मिनिटं इंजिन चालू. तो शेजारी उभा राहून डोळे मिटून ऐकायचा. मग बंद, परत ढकलत जागेवर. पहिल्या दिवशी मी विचारलं, चालवतच आत नेऊ का? तर माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी गाडीला ओरखडा काढलाय. नोंदवहीत तेव्हाही ६१२ च लिहिलं.