अर्ध्यात मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा...

माळ्यावरची खोकी उतरवताना भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' कादंबरी हाती आली. मधल्या पानात एसटीचं तिकीट, खूण म्हणून घातलेलं, तसंच होतं. खानदेशातून पुण्याला शिकायला आलो त्या वर्षी होस्टेलवर वाचायला घेतली होती. पांडुरंग सांगवीकर आपल्याकडचा, आपल्यासारखाच पुण्यात आलेला, पण मला त्याचा रागच आला. बाप पैसे पाठवतोय आणि हा उडवतोय! मी तेव्हा घरून आलेला रुपया न् रुपया वहीत मांडत होतो. पुस्तक मिटलं ते मिटलंच.

या वेळी तिकिटाच्या पुढे गेलो. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तिथे पोचलो आणि पुढची पानं वाचवेनात. माझी चुलतबहीण एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेली. मी बंगळुरूला होतो, जाता आलं नाही. पांडुरंग जे काही वेड्यासारखं मनाशी बोलतो, ते सगळं मी त्या आठवड्यात बोललो होतो. नेमाड्यांनी हे पंचविशीत लिहिलं, १९६३ साली. कसं लिहिलं असेल?

तुमचंही असं एखादं पुस्तक असेल. परीक्षण नको, तुमचं काय झालं तेवढं सांगा.

*

माझं 'पाडस'. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचं राम पटवर्धनांनी केलेलं मराठी. सातवीत गुरुजींनी वाचायला दिलं होतं. ज्योडीच्या हरणाचं काय होणार हे एका मित्राने आधीच सांगून टाकलं आणि मी पुस्तक परत केलं. ज्योडीच्या आईचं तोंड पाहू नये असं वाटायचं.

आता यवतमाळ जिल्ह्यात सहा एकर करतो. तुरीला फुलोरा आला की रोही (नीलगाई) आणि रानडुकरांपायी रात्रभर जागल. मागच्या हंगामात माळ्यावर बसून, डोक्याला टॉर्च बांधून, पुस्तक पहिल्यापासून वाचलं. पाडस मक्याचे कोंब खाऊन टाकतं, बाप अंथरुणाला खिळलेला, पोरगं पुन्हा पेरतं, कुंपण घालतं, ते पाडस कुंपणावरून उडी मारून पुन्हा खातं. वर्षाचं धान्य आहे ते! या वेळी मला आईचं म्हणणं पटलं. पटलं म्हणूनच जास्त रडू आलं. तेवढ्यात कुत्रं भुंकलं, फटाका घेऊन खाली उतरलो. टॉर्च मारला तर धुऱ्यावर मादी रोही आणि तिला चिकटून पिल्लू, दोघांचे डोळे चमकत होते. फटाका हातातच राहिला. सकाळी पाहिलं तर दोन तासं साफ झाली होती. घरी काही बोललो नाही.

*

दादा, मी 'पाडस'ची शेवटची वीस पानं आजवर वाचलेली नाहीत. पुस्तक कपाटात आहे. तुमचं वाचून आज काढलंय.

*

कथा-कादंबरी नाही, 'रुचिरा' चालेल का? कमलाबाई ओगल्यांची. पहिली आवृत्ती १९७० ची, आमच्या घरातली आईला लग्नात मिळालेली. आई गेल्यावर बाकी काही मागितलं नाही, हे मात्र बॅगेत घालून स्टुटगार्टला आणलं. चारदा उघडलं आणि चारदा मिटलं. पुरणपोळीच्या पानावर हळदीचा अख्खा अंगठा उमटलाय. आमटीशेजारी पेन्सिलीने 'ह्यांना तिखट कमी', खाली 'धाकट्याला आवडली'. धाकटा मी.

गेल्या होळीला करायला बसलो. पुस्तकातली मापं वाटीची. माझ्याकडे इथल्या दुकानातली मापाची भांडी, पण आईची वाटी कुठली? ताईला फोन केला. तिने डाळ मोजायची ती काठाला चेपलेली स्टीलची वाटी पार्सलने पाठवली. वाटीपेक्षा टपालखर्च जास्त झाला. पहिल्या दोन पोळ्या फुटल्या, तिसरी जमली.

*

'स्मृतिचित्रे'तला उतारा आम्हाला शाळेत होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं सोवळं, मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! वर्ग हसून लोळला होता. पुढे लग्न होऊन आले तर सासूबाई तशाच. भाजी तीनदा धुवायच्या, नोटा ओल्या फडक्याने पुसायच्या, दाराची कडी मी हात लावला की पुन्हा घासायच्या. बारा वर्षं मी मनात धुमसत होते.

निवृत्त झाल्यावर पुस्तक पूर्ण वाचलं. अठराशे सत्तावनच्या धामधुमीत त्या वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांचं सोवळं असं वाढलं, हे शाळेत कोणी सांगितलंच नव्हतं, की आम्हीच हसण्यात ऐकलं नाही? सासूबाईंची पहिली मुलगी हगवणीने गेली होती. ती गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, मलाही. दोन्ही गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या. सासूबाई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

*

सगळे पुन्हा उघडून जिंकलेली पुस्तकं सांगताहेत, म्हणून माझं उलट सांगते. 'मृत्युंजय' सोळाव्या वर्षी तीन दिवसांत संपवलं होतं, कर्णासाठी उपाशी राहिले होते. चाळिशीत पुन्हा घेतलं आणि शंभर पानांवर थांबले. शब्द फार वाटले. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू?

*

आमच्या घरात 'बलुतं', दया पवारांचं आत्मकथन, आणायला पप्पांची बंदी होती. १९७८ ला आलं तेव्हा वस्तीत बरेच जण चिडले होते म्हणे, घरातलं चव्हाट्यावर मांडलं म्हणून. कॉलेजात मी लपवून वाचायला घेतलं, पप्पांनी पाहिलं, काही न बोलता उचलून नेलं. मीही पुन्हा मागितलं नाही.

आता आजोबांच्या डोळ्यांना दिसत नाही. दिवाळीत तेच म्हणाले, "पवारांचं ते पुस्तक वाचून दाखव." दया पवार मुंबईतल्या कावाखान्याचं सांगतात तिथे आजोबांनी मला थांबवलं. तेही लहानपणी त्याच भागात राहिलेले. नळ कुठे होता, रात्री झोपायला जागा कशी धरायची, हे सांगत बसले. आजीलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. पप्पा दाराशी उभे राहून ऐकत होते.

अजून निम्मंच झालंय. आजोबा दिवसाला चार पानांच्या वर वाचू देत नाहीत. काल पप्पांनी चष्मा लावला आणि माझ्या हातातून पुस्तक घेतलं. मला वाटलं पुन्हा नेणार. ते खाली बसले आणि पुढची चार पानं त्यांनी वाचली.