‘चाकरमानी इली’ म्हणतात का?

अर्थ विचारत नाहीये, नोकरीसाठी मुंबईला गेलेला आणि सणाला गावी येणारा कोकणी माणूस हे ठाऊक आहे, माझा जन्मच कुडाळचा. प्रश्न स्त्रीलिंगाचा आहे. एक पुरुष आला की चाकरमानी इलो, चार आले की चाकरमानी इले, पण मी चौदा वर्षं दर गणपतीला तुतारी एक्स्प्रेसने एकटी कुडाळला उतरतेय आणि शेजारची काकी म्हणते, अमक्याची भैण इली. अमका म्हणजे माझा धाकटा भाऊ, तो गावातच असतो! घराची कौलं माझ्या पगारातून बदलली, पण ते असो.

यंदा वाडीतल्या मंडळाची वर्गणी द्यायला गेले. आमच्याकडे चाकरमान्यांना गाववाल्यांच्या दुप्पट. माझ्याकडून दुप्पट घेतली आणि पावती फाडली भावाच्या नावाने. म्हटलं दुप्पट घेताय म्हणजे चाकरमानी मी ना, मग नाव गाववाल्याचं कसं? खजिनदारांनी नवीन पावती काढली पण नावाआधी काय लिहायचं म्हणून त्यांचं पेन थांबलं, तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. चाकरमानीण चालेल का?

— नको वाटतं. पाटलीण, वाणीण हे सगळं नवऱ्यावरून आलेलं, आमच्या देवगडात लोक चाकरमान्याची बायकोच समजतील. चाकर मूळ फारसी, चाकरी करतो तो. पुरुष गिरणीत आणि बाई गावी भात लावत मनीऑर्डरची वाट बघतेय, शब्द त्या काळातला, त्यात बाई धरलेलीच नाही.

— कोळीण काय नवऱ्याच्या नावावर मासे विकते? मालवणच्या बाजारात घासाघीस करून बघा, कळेल. मास्तरीणसुद्धा आता शिकवणारीच. चाकरमानीण वापरा बिनधास्त.

— 2025 च्या गणपतीआधी सरकारी कागदांत चाकरमानीच्या जागी कोकणवासीय लिहा अशी सूचना आली होती की, लिंगाची भानगडच नाही :)

— कोकणवासीय तर माझा भाऊपण आहे, तो कुठे तुतारीत दाराशी उभा राहून आलाय! मला गेलेली आणि परत आलेली असं दोन्ही सांगणारा शब्द हवा. आणि चाकर म्हणवून घ्यायची लाज नाही हो, चाकरीच्याच पैशावर डोंबिवलीत खोली घेऊन एकटी राहते. पावतीवर शेवटी ‘श्रीमती’, माझं नाव आणि पुढे कंसात मुंबई असं आलं. काकीला कौतुकाने दाखवली तर म्हणते, ‘भावाचा नाव आसता तर निम्मेच पडले असते गो!’