डिलीट झालेलं पार्टिशन: टेस्टडिस्क दोन नोंदी दाखवतंय, कुठली राइट करू?

मदत हवी आहे. १ टीबीची हार्ड डिस्क आहे (एसएसडी नाही, त्यामुळे ट्रिमचा, म्हणजे डिलीट झालेली जागा ड्राइव्हनेच पुसून टाकण्याचा, प्रश्न नाही), पार्टिशन टेबल (कुठलं पार्टिशन कुठे आहे याची यादी) जीपीटी प्रकारचं. लिनक्स इन्स्टॉल करताना डेटाचं एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) पार्टिशन डिलीट झालं. इन्स्टॉलेशन तिथेच थांबवलं. फॉरमॅट केलेलं नाही, त्यानंतर डिस्कवर काही लिहिलेलंही नाही. बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) नव्हतं. डिस्कच्या तब्येतीचा स्मार्ट रिपोर्ट स्वच्छ आहे.

लाइव्ह यूएसबीवरून टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन्स शोधणारं सॉफ्टवेअर) चालवलं. क्विक सर्चमध्ये एकाच सेक्टरपासून सुरू होणारी दोन एनटीएफएस पार्टिशन्स दिसतात, शेवट मात्र वेगळे. हे पार्टिशन पूर्वी श्रिंक (लहान) केलं होतं, म्हणून मोठी नोंद जुन्या बॅकअप बूट सेक्टरवरून (पार्टिशनच्या शेवटी असणारी बूट सेक्टरची प्रत) आली असावी असं वाटतं. पण 'पी' दाबल्यावर दोन्हींत फाइली, फोल्डर तेच दिसतात, त्यामुळे खात्री होत नाही. अजून राइट केलेलं नाही, म्हणजे कुठलीच नोंद पार्टिशन टेबलमध्ये लिहिलेली नाही.

अडचण अशी की दुसरी डिस्क ५०० जीबीचीच आहे, पूर्ण इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) मावणार नाही. घरचे सगळे फोटो यातच आहेत, ते टेस्टडिस्कमधूनच आधी तिकडे कॉपी करून घेणार आहे. डेटा गमवायचा नाही, म्हणून घाई करत नाही.

छोटी नोंद बरोबर आहे हे राइट करण्याआधी पक्कं कसं तपासायचं? आणि चुकून मोठी राइट झालीच, तर फक्त पार्टिशन टेबल बदलेल की विंडोजने चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका दुरुस्त करणारं टूल) चालवल्यावर फाइलीही बिघडतील?