कातडे हवे की जमीन? उत्तर अमेरिकेतील फ्रेंच आणि इंग्रज

धागाकर्ता:
उत्तर अमेरिकेतील वसाहतींचा विषय निघाला की फ्रेंच स्वभावाने उदार आणि इंग्रज कठोर, असे सरसकट म्हटले जाते. मला हा स्वभावाचा प्रश्न वाटत नाही. इंग्रजांचे जेम्सटाउन १६०७ मध्ये वसले आणि फ्रेंचांचे क्वेबेक १६०८ मध्ये, म्हणजे सुरुवात बरोबरीचीच होती. पण इंग्रजांना तंबाखूसाठी आणि कुटुंबकबिल्याच्या शेतीसाठी जमीन हवी होती, आणि जमीन हवी असली की तिच्यावर आधीपासून राहणारा माणूस अडचणीचा ठरतो. फ्रेंचांना बीव्हर या दाट लवेच्या पाणप्राण्याची कातडी हवी होती, आणि ती आणून देणारा माणूस जिवंत आणि राजी असणे ही त्यांच्या धंद्याची गरज होती. सतराव्या शतकात बराच काळ अधिक भाव मिळे तो वापरलेल्या कातड्याला. स्थानिक लोक ते एक-दोन हिवाळे अंगावर पांघरत, घामाने आणि घासून वरचे राठ केस झडत, आणि खालची मऊ लव युरोपातील टोप्यांच्या नमद्यासाठी आयती मिळे. (आपल्याकडे युरोपियनांना टोपीकर म्हणत, हे इथे उगाच आठवते.) ज्याच्या अंगावरचे पांघरूण विकत घ्यायचे, त्याला हुसकावून कसे चालेल?

उत्तरवाट:
मांडणी आकर्षक आहे, पण तिच्यामुळे फ्रेंचांना फुकटची सूट मिळते. १७५०च्या दशकात न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रेंचांच्या तिथल्या वसाहतीत, जेमतेम साठ-सत्तर हजार वसाहतवाले होते, तर इंग्रज वसाहतींत दहा लाखांहून अधिक. इतक्या कमी लोकांना गोडीगुलाबीने राहण्यावाचून गत्यंतरच नव्हते. शिवाय १७०९ मध्ये न्यू फ्रान्सच्या प्रशासनाने हुकूम काढून विकत घेतलेल्या स्थानिक आणि आफ्रिकी गुलामांवर खरेदीदाराची पूर्ण मालकी कायदेशीर ठरवली, ती कोणत्या कातड्याची गरज होती? आणि फ्रेंचांशी कातड्याचा व्यापार करणाऱ्या ह्युरॉन या स्थानिक लोकांपैकी निम्मे लोक १६३०च्या दशकातील साथींनी नेले, ते याच मैत्रीच्या काळात.

धागाकर्ता:
गुलामगिरीचा मुद्दा मान्य. माझ्या मांडणीत तो बसत नाही. संख्येचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे, कारण कातड्याच्या व्यापाराला गावेच्या गावे वसवावी लागत नाहीत. फ्रेंचांनी जमीन मागितली तेव्हा काय झाले, हे मिसिसिपीकाठी दिसते. नॅचेझ लोकांच्या प्रदेशात तंबाखूची लागवड वाढवायची म्हणून तेथील फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांना एक गाव रिकामे करायला सांगितले. १७२९ च्या नोव्हेंबरमध्ये नॅचेझांनी दोनशेहून अधिक फ्रेंच मारले. त्यानंतर दोन वर्षांत फ्रेंचांनी त्यांचे राष्ट्र मोडून काढले आणि शेकडो बंदिवानांना कॅरिबियनमध्ये गुलाम म्हणून विकले. १६३७ मध्ये इंग्रजांनी मिस्टिक येथे पेक्वॉट या स्थानिक लोकांची तटबंदीची वस्ती जाळली, त्याहून हे फार वेगळे नाही.

जुना वाचक:
दोघेही स्पॅनिशांना विसरलात. त्यांना जमीनही हवी होती आणि तिच्यावर राबणारी माणसेही. म्हणून त्यांच्या राजाने स्थानिकांना हाकलण्याऐवजी प्रजा ठरवले, १५४२ मध्ये त्यांच्या रक्षणासाठी कायदेही केले, आणि प्रत्यक्षात वेठबिगारी चालूच राहिली. न्यू मेक्सिकोतील प्युब्लो लोकांनी १६८० मध्ये उठाव करून त्यांना बारा वर्षे बाहेर ठेवले. तेव्हा हेतूबरोबर कायदाही पाहा. पण कागदावरच्या कायद्याला फार भाव देऊ नका.

उत्तरवाट:
मग कागदाबद्दलच बोलू. फ्रेंच गव्हर्नरला स्थानिक मित्र ‘ओनोन्तियो’ म्हणत आणि बाप मानत. पण त्यांच्या लेखी बाप म्हणजे हुकूम सोडणारा नव्हे, तर भेटी देणारा आणि भांडणे मिटवणारा. १७०१ मध्ये मॉन्ट्रियल येथे सुमारे चाळीस स्थानिक राष्ट्रांबरोबर तह झाला. त्यावर सरदारांनी आपापल्या कुळाच्या खुणा, म्हणजे प्राण्यापक्ष्यांची चित्रे, काढली आहेत. इथवर तुमचे चित्र मी मान्य करतो. पण इंग्रजांशी युद्ध हरल्यावर १७६३ मध्ये पॅरिसला तह झाला तेव्हा फ्रान्सने ग्वादलूप आणि मार्टिनिक ही साखरेची बेटे परत घेतली, कॅनडा इंग्रजांना दिला, आणि त्या कागदावर एकाही कुळाची खूण नाही. ‘मुलां’ना विचारलेच नव्हते. त्याच वर्षी पाँटियाक या स्थानिक सरदाराने इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्याला फ्रेंच परत येतील अशी आशा होती. ते आले नाहीत.