जैसलमेरच्या किल्ल्यात मुक्काम करावा का?

पांथस्थ

जैसलमेरला जाणाऱ्याने किल्ल्याच्या आत मुक्काम करू नये, असे माझे मत आहे. आणि मी स्वतः तेथे दोन रात्री राहून आल्यानंतर ते मांडत आहे. बुरुजाला लागून असलेल्या एका जुन्या घराचे अतिथिगृह केलेले होते. पहाटे खिडकीतून खालचे शहर आणि त्यापलीकडचे वाळवंट हळूहळू सोनेरी होत जाताना पाहिले, तेव्हा येथे राहिल्याचे सार्थक झाले असेच वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच बुरुजाखालून चालत जाताना वर पाहिले, तर दगडांच्या सांध्यांतून ओल उतरून काळे-हिरवे ओघळ पडलेले होते. वर्षाला जेमतेम २० सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, जानेवारी महिन्यात, हे पाणी आभाळातून आलेले नव्हते. ते आमच्या स्नानगृहातले असावे, हा विचार तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

भाटी राजा रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. ही टेकडी एकसंध कातळाची नाही. वालुकाश्म, शेल (गाळ घट्ट होऊन झालेला मऊ खडक) आणि चिकणमाती यांचे थर एकावर एक बसून ती झालेली आहे. कोरडी असेपर्यंत ती ९९ बुरुजांचा भार पेलते, पण ओल मुरली की मातीचे थर फुगतात, मऊ होतात आणि वरचे बांधकाम खचू लागते. जुन्या घरांची छपरेही लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेली आहेत. ती माती भिजून जड झाली की तुळया वाकतात. शतकानुशतके येथे पाणी गडीसर तलावातून डोक्यावरच्या घागरींनी येत असे आणि ते अतिशय जपून वापरले जाई. आज ते नळाने येते, आणि प्रत्येक खोलीला जोडून स्नानगृह हवे असा आग्रह आपण प्रवासी धरतो. १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले, ऑगस्ट २०२४ मध्ये मुसळधार पावसात तटाचा एक भाग कोसळला. ज्या वास्तूवर प्रेम करायचे तिच्या पायात पाणी ओतायचे, हे मला यापुढे करवणार नाही.

शिल्परेखा

पांथस्थ यांची कळकळ मला पोहोचते, परंतु त्यांचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. हा किल्ला आपण पाहायला जातो तो तेथे माणसे राहतात म्हणून. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ हे चार दरवाजे ओलांडून दसरा चौकात आले की एका बाजूला राजवाडा आणि दुसरीकडे गल्ल्यांमध्ये वाळत घातलेले कपडे, ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बायका, शाळेतून परतणारी मुले दिसतात. राजदरबाराच्या सेवेत असलेल्या ब्राह्मण आणि राजपूत घराण्यांचे वंशज आजही तेथे आपापल्या घरांत आहेत.

या लोकांचे पोट कशावर चालते, याचा विचार मूळ मतात आलेला नाही. सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर हे शहर श्रीमंत झाले. खाली पटवा या व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्या ज्या बारीक कोरीवकामाने उभ्या आहेत तो पैसा याच व्यापाराचा आणि सावकारीचा होता. पुढे समुद्रमार्गे मुंबई बंदरातून व्यापार होऊ लागला, तेव्हा तांडे कमी झाले, आणि १९४७ मध्ये सीमारेषा आखली गेल्यावर उरलेली वाटही बंद झाली. संस्थान विलीन झाल्यावर दरबारातून मिळणाऱ्या नेमणुकाही गेल्या. आता त्यांच्या हाती पर्यटन आहे, तेही ऑक्टोबर ते मार्च एवढेच. मे महिन्यातल्या उन्हात तेथे कोण जातो? घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन जे कुटुंब वर्ष काढते, त्याला आपण दुरून ‘तुमच्याकडे राहणार नाही’ असे सांगणार असू, तर ते घर उद्या एखाद्या मोठ्या व्यावसायिकाला विकले जाईल. तो दोन खोल्यांच्या जागी दहा काढील. दिवसभर येऊन छायाचित्रे काढून, बाटल्या टाकून निघून जाणाऱ्या गर्दीपेक्षा रात्री राहणारा पाहुणा त्या कुटुंबाला अधिक देतो. शिवाय २०२४ मध्ये भिंत पडली ती पावसाने. तिचा दोष अतिथिगृहांवर कसा टाकता येईल?

पाणलोट

स्थापत्य अभियंता म्हणून शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो. पाऊस आणि स्नानगृह ही दोन वेगळी कारणे मानता येत नाहीत. वर्षभर थोडे थोडे पाणी झिरपत राहिले की टेकडीच्या मातीत ओल कायमची ठाण मांडून बसते आणि तिची ताकद आधीच घटलेली असते. मग एका जोरदार पावसाने जे घडते त्याला आपण पावसाचे काम म्हणतो. किल्ल्यात पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी पूर्वापार दगडी नाल्या होत्या. त्या अधूनमधून येणाऱ्या पावसासाठी होत्या. रोज वाहणाऱ्या सांडपाण्यासाठी त्या बांधलेल्याच नव्हत्या. वाढीव बांधकामाखाली अशी वाट बुजली की पाणी साहजिकच खाली टेकडीत उतरते. जुन्या दगडावर सिमेंटचा गिलावा केला, तर आत शिरलेली ओल बाहेर पडायलाही मार्ग राहत नाही. म्हणून शिल्परेखा यांना एवढेच विचारावेसे वाटते, की आपण ज्या कुटुंबाच्या बाजूने बोलत आहात, त्यांच्याच घराखालची जमीन खचत असेल, तर आपली बाजू नेमकी कोणाच्या हिताची ठरते?

माळरान

एक धोका कोणीच बोलून दाखवलेला नाही. ‘किल्ल्यात राहू नका’ असे म्हटले की बहुतेक प्रवासी सरळ सुमारे ४० किलोमीटरवरच्या सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांकडे, तंबूंच्या वस्तीत जातात. तो परिसर मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या लगतचा आहे आणि हे उद्यान म्हणजे माळढोक पक्ष्याच्या शेवटच्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक. रात्री तेथे ध्वनिक्षेपक लावून नाचगाणी चालतात, वाळूवर जीप धावतात. पांथस्थ यांनी पर्याय स्पष्ट केला नाही, तर एका वारशावरचे ओझे उचलून दुसऱ्यावर टाकल्यासारखे होईल.

पांथस्थ

माळरान यांची सूचना रास्त आहे. ते मी आधीच लिहायला हवे होते. मी सुचवतो तो मुक्काम किल्ल्याच्या पायथ्याच्या शहरात, हवेल्यांच्या आणि बाजाराच्या गल्ल्यांत आहे. तेथून अखै पोळ चालत गाठता येते आणि संध्याकाळी उजळलेला किल्ला समोरून पूर्ण दिसतो, जो आत राहणाऱ्याला दिसत नाही.

शिल्परेखा यांचा उपजीविकेचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. दिवसाचा वेळ आणि पैसा किल्ल्याच्या आतच घालवावा, तेथल्याच रहिवाशाला वाटाड्या म्हणून घ्यावे, दुपारचे जेवण तेथे घ्यावे. हे पैसे खोलीभाड्याइतके होणार नाहीत, हे मला मान्य आहे. तरीही एका गोष्टीवर मी ठाम आहे. किल्ल्यातील जैन मंदिरांना जोडून जे जिनभद्रसूरी ज्ञानभांडार हे जुने ग्रंथालय आहे, त्यात शेकडो वर्षांची ताडपत्रावरची हस्तलिखिते टिकून राहिली आहेत, आणि त्यात या कोरड्या हवेचा व कोरड्या जमिनीचा वाटा मोठा आहे. कोरडेपणा हाच त्या जागेचा खरा तट आहे. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांत जैसलमेरचा जागतिक वारसा म्हणून समावेश झाला, तेव्हा आनंद झालाच. पण त्या मान्यतेमुळे पाहुणे वाढतात आणि पाहुण्यांबरोबर पाणीही वाढते.

शिल्परेखा

पाणलोट यांच्या प्रश्नाला मी प्रामाणिक उत्तर देते. ज्या घरी आम्ही राहिलो, तेथल्या आजी सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी गडीसरहून दिवसाला दोन खेपा होत, आणि भांडी राखेने घासून एका तांब्यात विसळली जात. सांडपाणी कोठे जाते, हे मी त्यांना विचारले नाही. ते मला सुचलेच नाही, आणि ती माझी चूक होती.

तरी माझे मत बदललेले नाही. नवी बांधकामे थांबवावीत, मोठी हॉटेले खाली हलवावीत, त्यासाठी रहिवाशांना नुकसानभरपाई आणि खाली जागा द्यावी, हे सर्व मला मान्य आहे. पण ज्या घरात माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत त्या घरात एखाद-दुसरा पाहुणा बादलीभर पाण्यात भागवून राहिला, तर त्याला मी अपराध मानणार नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच आजींकडे उतरणार आहोत. या वेळी अंगणात सर्वांसाठी एकच स्नानगृह आहे ती खोली मागितली आहे, आणि त्याची मोरी कोणत्या नालीला जोडलेली आहे हे त्यांच्या मुलाला आधीच विचारले आहे. त्याचे उत्तर आले की येथे लिहीन.