केपटाऊन ते नामिबिया ट्रकवाली ग्रुप टूर, कोणी केलीय का? (व्हेज आहे, एकटी आहे, घरचे घाबरलेत)

सांगलीची_भेळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. पुण्यात दोन वर्षं आयटीत काढली, मार्चमध्ये राजीनामा टाकलाय आणि ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स. मधले सहा महिने मोकळे. तिकडची पोरं याला गॅप इयर म्हणतात, आमच्या मावशीच्या भाषेत 'पोरीनं ड्रॉप घेतला', जसं काही मी नापास झालेय.

तर केपटाऊनहून निघून नामिबियाचं वाळवंट, मग स्वाकोपमुंडचा समुद्रकिनारा, पुढे एटोशा नॅशनल पार्क, बोत्स्वाना आणि शेवटी व्हिक्टोरिया धबधबा अशी २० दिवसांची ओव्हरलँड टूर बघतेय. मोठा ट्रक असतो, तंबूत झोपायचं, स्वयंपाक सगळ्यांनी मिळून. जूनची तारीख आहे. प्रश्न असे की १) व्हेज खाऊन जगता येतं का २) सगळे १८-१९ वर्षांचे युरोपियन असले तर मी कोपऱ्यात बसून राहीन का ३) वाळवंट आहे म्हणजे गरमीचे कपडे पुरतील ना ४) पैसे वसूल आहे का? ब्रोशरमध्ये सगळंच भारी दिसतंय म्हणून भीती वाटतेय. आईचा एकच प्रश्न, 'तिकडं वाळूत काय बघायचंय?'

---

उंडगा

आईला सांग काकू बरोबर विचारताय 😄

मी २०१९ ला केलीय, केपटाऊन ते विंडहोक (नामिबियाची राजधानी), छोटीवाली. आधी तिसऱ्या प्रश्नाचं बोलतो कारण तिथेच माणसं आपटतात. जून म्हणजे तिकडे कडक थंडी. दिवसा टीशर्ट, आणि सूर्य बुडाला की अर्ध्या तासात दात वाजायला लागतात, वाळवंटात रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. मी 'आफ्रिका म्हणजे ऊन' या हिशोबाने एक पातळ विंडचीटर नेला होता, दुसऱ्या रात्री सगळे कपडे एकावर एक घालून झोपलो, वर टॉवेल. स्लीपिंग बॅग चांगली घे, टूरवाले बहुतेक देत नाहीत, देतात ती गादी. कानटोपी ने, लाजू नकोस, तिथे सगळेच माकड दिसतात.

आता ट्रक म्हणजे काय ते नीट समजून घे कारण ब्रोशरमध्ये हे कोणी लिहीत नाही. तू वाळवंट बघायला जात नाहीयेस, तू ट्रकमध्ये बसायला जातेयस आणि मधून मधून वाळवंट येतं. नामिबिया महाराष्ट्राच्या अडीच पटीहून मोठा देश आणि माणसं तीस लाखाच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षा कमी. त्यामुळे एका बघण्यासारख्या जागेपासून दुसरीपर्यंत ३००-४०० किमी, त्यातला बराचसा खडीचा रस्ता, आणि खडीवर पन्हाळी पडलेल्या असतात त्यावरून ट्रक असा थडथडतो की गाईड हसत म्हणतो घ्या, आफ्रिकन मसाज फुकट. सकाळी पाचला उठा, अंधारात तंबू पाडा, भांडी धुवा, बसा. भांडी धुतल्यावर फडक्याने पुसायची नाहीत बरं का, जंतू पसरतात म्हणून हातात ताट धरून हवेत हलवत वाळवायची, त्याला तिकडे फ्लॅपिंग म्हणतात. वीस माणसं अंधारात ओळीने उभी राहून ताटं हलवतायत, आरती चाललीय असं वाटतं.

आणि खरं सांगू, ओळखी तिथेच झाल्या. तुझा दुसरा प्रश्न त्यामुळे मिटला. कोपऱ्यात बसायची सोयच नसते, दोघांच्या तंबूत एक अनोळखी पार्टनर आणि कांदे चिरायची ड्यूटी. माझ्या ग्रुपमध्ये १८ वर्षांच्या डच पोरी होत्या आणि नुकतेच रिटायर झालेले एक मास्तरही. काही कंपन्या १८ ते ३९ अशी अट घालतात, ते बघून घे.

सोसुसव्लेईला, म्हणजे नामिबियातल्या त्या वाळूच्या टेकड्यांच्या भागात, मात्र शब्द संपतात. ड्यून ४५ म्हणजे सेस्रिएमच्या (तिथे शिरायच्या) गेटपासून ४५ किमीवरची टेकडी, नाव तितकंच सरळ. पहाटे चढायची, वाळू बर्फासारखी गार असते, आणि दहा वाजले की त्याच वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही. मग डेडव्लेई. पूर्वी तिथं नदीचं पाणी यायचं, वाळूच्या टेकड्यांनी वाट अडवली, झाडं मेली सहा-सातशे वर्षांपूर्वी, पण हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत, काळी होऊन अजून उभी आहेत. पांढरी जमीन, काळी झाडं, मागे केशरी डोंगर. मी एकही फोटो नीट काढू शकलो नाही.

बुकिंग करताना एक गोष्ट विचारच: मुक्काम सेस्रिएमला गेटच्या आत आहे की बाहेर. बाहेरचं गेट सूर्योदयाला उघडतं, आतल्या कॅम्पवाल्यांना त्याआधी तासभर सोडतात. बाहेर असलीस तर ड्यूनवरचा सूर्योदय तू ट्रकच्या खिडकीतून बघणार.

---

नळीची_वळी

वाळवंट आणि समुद्र दोन्ही बघायचं तर कच्छला जा ना, मांडवीचा बीच आहे, रण आहे, दाबेली आहे, व्हेज आहे. आणि चित्ते तर नामिबियानेच २०२२ ला कुनोला पाठवलेत, आता तिकडे जाऊन काय बघणार 😂

---

जोबर्गकर

वळीभाऊ दाबेलीपुरतं मान्य.

मी सात वर्षं जोहान्सबर्गला आहे, नामिबियाला कामासाठी वर्षातून दोनतीनदा जाणं होतं. खाण्याचं सांगतो. ट्रकवर व्हेज आधीच कळवलंस तर गाईड वेगळं करतो, पण दर दोन दिवसांनी ब्राय असतो म्हणजे कोळशावर मांस, आणि तेव्हा तुझ्या ताटात भाजलेला मका, बटरनट म्हणजे एक प्रकारचा भोपळा, आणि सॅलड. मागून घे ब्रायब्रूडजी, चीज-टोमॅटो-कांद्याचं सँडविच कोळशावर भाजतात, त्यासाठी मांसाहारीही रांग लावतात. चकालाका नावाचा तिखट भाजी-बीन्सचा प्रकार डब्यात मिळतो, मक्याच्या घट्ट लापशीबरोबर, त्याला इथे पाप म्हणतात (हो, पाप, खाऊन पुण्य लागतं). चटणी-मेतकूट आणायचं तर सीलबंद पाकिटं आण, घरचे उघडे डबे कस्टमला दाखवत बसू नकोस. डरबनच्या भारतीयांमुळे मसाले केपटाऊनच्या सुपरमार्केटात सहज मिळतात.

पैसे: नामिबियन डॉलर साऊथ आफ्रिकेच्या रँडला बांधलेला, एकास एक. रँड नामिबियात चालतो, उलट चालत नाही, म्हणून नामिबियन नोटा तिथेच संपव. आणि प्लग! सगळे अडॅप्टर विकत घेत बसतात, पण इथला प्लग म्हणजे आपला गीझर-एसीचा मोठा तीन पिनांचा. घरातली पंधरा अँपिअरची जुनी पिन आणि एक एक्स्टेंशन आण, ट्रकवर तुझ्यासारखी लोकप्रिय कोणी नसेल.

आता जरा गंभीर. २० दिवस, चार देश. साऊथ आफ्रिकेचा व्हिसा सिंगल एंट्री असेल आणि विमान परत केपटाऊन किंवा जोबर्गवरून धरलंस, विमानतळाबाहेरही पडणार असशील, तर अडकशील. नामिबियाचे नियम अलीकडे बदललेत, जमिनीच्या बॉर्डरवर मिळेल या भरवशावर येऊ नकोस, सरकारी साईट बघूनच तिकीट काढ. अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून येणार असशील तर यलो फीव्हरची लस किमान दहा दिवस आधी घे, मुंबईत उतरताना लशीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस आयुष्यभर चालते.

आणि सगळ्यात मोठं, तू लिहिलंयस ऑक्टोबरला जर्मनी. तुझा पासपोर्ट कुठे असणार आहे जूनमध्ये? स्टुडंट व्हिसाला दिला की तो आठवडेच्या आठवडे तिकडेच.

---

सांगलीची_भेळ

बापरे. पासपोर्टचा विचारच केला नव्हता. जर्मनीची अपॉइंटमेंट जूनमध्येच आहे, म्हणजे टूरवर गेले तर व्हिसा गेला आणि व्हिसाला बसले तर टूर गेली. मे मध्ये टाकली तर?

@उंडगा आरतीचं वाचून आई हसली, म्हणजे अर्धं काम झालं.

---

गिअरबॉक्स

मी उलट बोलणार, रागवू नका. ट्रकची टूर म्हणजे शाळेची सहल. चार जण जमव आणि गाडी भाड्याने घे, नामिबियात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, रस्ते रिकामे. आम्ही चौघांनी तसंच केलं, वाटेल तिथे थांबलो, सॉलिटेअरला त्या फेमस ॲपल पायसाठी दोन तास बसलो, ट्रकवाले पंधरा मिनिटांत उठून गेले.

पण बाई एकटी आहे आणि वय चोवीसच्या आसपास दिसतंय, तर प्रामाणिकपणे सांगतो, एकटीने गाडी नको. काही ठिकाणी वयाची अटही असते किंवा कोवळ्या ड्रायव्हरचे जादा पैसे. खडीवर ८० च्या वर गेलात की गाडी साबणावर चालल्यासारखी होते, परदेशी लोकांचे बरेच अपघात गाडी उलटूनच होतात. अंधार पडल्यावर चालवायचंच नाही, कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणं रस्त्यावर येतात. सोसुसव्लेईचे शेवटचे पाचेक किलोमीटर फक्त फोर बाय फोर, आमच्यातला एक हिरो साध्या गाडीने शिरला आणि मग ट्रॅक्टरची वाट बघत बसलो. तो हिरो मीच.

---

काकू_विथ_कॅमेरा

मी ५२व्या वर्षी केली ही टूर, गुडघ्याला पट्टा बांधून, त्यामुळे वयाचं कोणी बोलू नका.

किनाऱ्याबद्दल कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते, कारण मला वाळवंटापेक्षा तो भावला. पोरी, समुद्र म्हणजे गोवा डोक्यात आणू नकोस. अंटार्क्टिकाकडून येणारा बेंग्वेला प्रवाह असतो, पाणी गारठवणारं. त्या गार पाण्यावरून येणारी हवा पाऊस देत नाही, नुसतं धुकं देते, म्हणून तर किनाऱ्याला लागून वाळवंट आहे. सकाळी स्वाकोपमुंडला उठलं की खिडकीबाहेर महाबळेश्वर. तिथला एक काळा किडा वाळूच्या टेकडीवर डोकं खाली करून उभा राहतो, धुक्याचे थेंब पाठीवरून घरंगळत त्याच्या तोंडात. आमच्या गाईडने रांगत जाऊन दाखवला.

आणि नकाशात एक गंमत बघून ठेव, कुइसेब नदी. वर्षातले बहुतेक दिवस कोरडी, पण तिच्या दक्षिणेला वाळूचा समुद्र आणि उत्तरेला एकदम सपाट खडीचं मैदान. अधूनमधून पूर येतो आणि पुढे सरकणारी वाळू वाहून नेतो, टेकड्यांना ओलांडू देत नाही. ट्रक त्या घाटातून उतरतो तेव्हा सगळे झोपलेले असतात. तू जागी रहा.

केप क्रॉसला सीलची वसाहत आहे, हजारोंनी. १४८६ ला पोर्तुगीजांनी तिथे क्रॉस रोवला म्हणून नाव. वास असा की ससून डॉकला अत्तराची बाटली म्हणशील. रुमालाला बाम लाव.

स्वाकोपमुंडमध्ये जर्मन बेकऱ्या, जर्मन घरं, तुला प्रॅक्टिस होईल म्हणा. पण तू जर्मनीला चाललीच आहेस तर तेवढंच बघून येऊ नकोस. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा नरसंहार केला, तिथल्या छावण्यांत माणसं मेली, जर्मन सरकारने ते २०२१ ला नरसंहार म्हणून कबूल केलं. गावच्या कबरस्तानाच्या कडेला खुणा नसलेल्या वाळूच्या छोट्या छोट्या ढिगांची रांगच रांग आहे. टूरच्या कार्यक्रमात ते नव्हतं. स्काय डायव्हिंग होतं, क्वाड बाइक होती. मी आणि एक डच मुलगी चालत गेलो, परत येताना दोघी काही बोललो नाही.

---

उंडगा

काकू 🙏 आम्ही त्या दिवशी सँडबोर्डिंगला गेलो होतो.

भेळ, पैसे वसूलचं राहिलं. टूरच्या किमतीत विमान, व्हिसा, इन्शुरन्स, स्लीपिंग बॅग, टिप आणि स्वाकोपमुंडमधली बहुतेक जेवणं नसतात, काही कंपन्या तर वेगळी 'लोकल पेमेंट' म्हणून रोख रक्कम पहिल्या दिवशी ट्रकवर घेतात. ते सगळं बेरजेत धर. माझं मत, २० दिवसांचं सोड, १०-१२ दिवसांचं केपटाऊन ते विंडहोक घे. चार देशांवालीत शेवटी शेवटी फक्त बॉर्डरचे शिक्के आणि तंबू आठवतो. शिवाय एटोशा आणि त्याच्या वरती मलेरियाच्या गोळ्या, खालच्या वाळवंटात त्याची भानगड नाही. आणि इन्शुरन्समध्ये मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का बघ, हॉस्पिटल तिथे चारशे किमीवर असू शकतं.

मे उत्तम. पाऊस संपलेला, थंडी जूनपेक्षा जरा कमी, व्हिसाआधी परत. फक्त साऊथ आफ्रिकेच्या व्हिसालाही हाच पासपोर्ट लागतो, तो आजच लाव.

---

सांगलीची_भेळ

ठरलं, मे, १२ दिवस, विंडहोकला संपणारी. सेस्रिएम गेटच्या आत मुक्काम असलेली एकच मिळाली, बाकी दोघांनी मेलला उत्तर देताना तो प्रश्न शिताफीने टाळला, म्हणजे कळलं. काकू, कबरस्तान लिहून ठेवलंय.

आई विचारतेय रोज फोन लागेल का.

---

जोबर्गकर

रोज नाही. बॉर्डर ओलांडली की एमटीसीचं सिम घे, गावात लागेल, वाळवंटात नाही. आईला आधीच सांग की सेस्रिएमचे दोन दिवस फोन येणार नाही, तारखा कॅलेंडरवर लिहून दे. मी हे माझ्या आईला न सांगता गेलो होतो. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या एचआरला सांगलीच्याच बाजूचा फोन, 'आमचा मुलगा कुठंय'.